बँक खरेदीला निघते तेव्हा

बँक म्हटले की ठेवी, कर्जे आणि व्याजदर आठवतात. ही बँक स्वतःही बाजारातले एक मोठे गिऱ्हाईक असते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कुठल्याही सरकारी बँकेच्या शाखेत शिरून आजूबाजूला पाहा. नोटा मोजणारी मशीन, पासबुक प्रिंटर, टोकनचा डिस्प्ले, लॉकरची कपाटे, स्ट्राँग रूमचा दरवाजा, सीसीटीव्ही, युपीएसच्या बॅटऱ्या, एटीएममधला कागदाचा रोल, दारावरचा बोर्ड, बोर्डाखाली उभा असलेला सुरक्षा रक्षक: हे सगळे कुणीतरी मागितलेले, कुणीतरी मंजूर केलेले आणि कुणीतरी पुरवलेले असते. ज्या बँकेच्या हजारो शाखा आहेत, तिला हे हजारो ठिकाणी, वेळेवर आणि हिशेबाने पोचवावे लागते. चेकबुके, चिपची डेबिट कार्डे, सॉफ्टवेअरची लायसन्स आणि डेटा सेंटर ही खरेदी त्याखेरीज.

या साखळीतला एखादा दुवा निसटला की त्याचा फटका थेट ग्राहकाला बसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये देशाने हे अनुभवले. दोन हजारांची नवी नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १६६ मिलिमीटर लांब होती. जुनी हजाराची नोट ७३ बाय १७७ मिलिमीटर. आकारातल्या या फरकामुळे देशभरातील दोन लाखांहून अधिक एटीएममधल्या कॅसेट नव्या मापाला जुळवून घ्याव्या लागल्या. नोटा छापून तयार होत्या, पण त्या मशीनमधून बाहेर यायच्या तर प्रत्येक मशीनपाशी तंत्रज्ञ पोचायला हवा होता. तंत्रज्ञ कुणाचे, किती आणि किती तासांत येणार, हे बँकांनी मशीन घेताना आणि देखभालीचे करार करताना केव्हाच ठरवलेले होते. पुढे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आणखी एक नियम लागू केला. एखाद्या एटीएममध्ये महिन्यात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ रोकड नसेल, तर त्या एटीएममागे दहा हजार रुपये दंड. रोकड भरणाऱ्या एजन्सीशी केलेल्या करारातली ढिलाई त्या दिवसापासून रुपयांत मोजली जाऊ लागली.

म्हणून बँकेतला खरेदी विभाग म्हणजे स्टेशनरीची कोठी, ही समजूत आता जुनी झाली. या विभागाचे काम गेल्या दोन दशकांत हळूहळू संगणकावर गेले. त्यालाच ई-प्रोक्युरमेंट म्हणतात. या व्यवस्थेने नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, हे समजून घ्यायचे तर एकच वस्तू घेऊन तिच्या मागे शेवटपर्यंत जावे. नोटा छानणारे मशीन त्यासाठी उत्तम.

पोर्टल उघडण्याआधीचे काम

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १०० रुपये आणि त्यावरच्या मूल्याच्या नोटा काउंटरवरून किंवा एटीएममधून पुन्हा ग्राहकाच्या हाती देण्याआधी मशीनने तपासलेल्या असाव्या लागतात. नोट खरी आहे का आणि ती पुन्हा चलनात देण्याजोगी आहे का, असे दोन प्रश्न मशीन सोडवते. मळकी, फाटकी, चिकटपट्टी लावलेली किंवा लिखाण असलेली नोट त्याने बाजूला काढायची. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या निकषांची सुधारित यादी दिली आणि मशीन नीट चालते की नाही, हे दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितले.

आता समजा, एका बँकेला अशी दोन हजार मशीन हवी आहेत. शाखा आपापली मागणी, म्हणजे इंडेंट, सिस्टीममध्ये नोंदवतात. पूर्वी ही मागणी कागदावर यायची, प्रादेशिक कार्यालयात साचायची आणि मार्चअखेरीला एकदम उपसली जायची. आता मुख्य कार्यालयाला कुठल्या शाखेत किती जुने मशीन आहे, ते वर्षभरात किती वेळा बंद पडले आणि त्यावर किती खर्च झाला, हे एका जागी पाहता येते. विखुरलेल्या मागण्या एकत्र केल्या की दर उतरतो. ई-खरेदीचा पहिला फायदा हा असा, टेंडर निघण्याच्याही आधीचा आहे.

मग तपशीलपत्र, म्हणजे स्पेसिफिकेशन, लिहिले जाते. खरी मेख इथे असते. मशीन मिनिटाला किती नोटा मोजणार, त्यात किती कप्पे असणार, हे कुणीही लिहील. नवी नोट चलनात आली की मशीनमधले सॉफ्टवेअर कोण बदलून देणार, किती दिवसांत आणि फुकट की पैसे घेऊन, हे लिहिण्याची आठवण सगळ्यांनाच राहत नाही. दोन हजार, पाचशे, दोनशे, पन्नास आणि जांभळट रंगाची शंभरची नोट अशा नव्या नोटा २०१६ नंतर थोड्याच काळात एकापाठोपाठ आल्या. ज्याच्या करारात ही ओळ नसते, अशा खरेदीदाराला प्रत्येक नव्या नोटेच्या वेळी पुरवठादाराच्या दारात उभे राहण्यावाचून इलाज नसतो.

तपशील कुणा एकाच कंपनीच्या मापाने बेतला असेल, तर पुढची सगळी पारदर्शकता देखावा ठरते. त्यावरचा उतारा म्हणजे प्री-बिड मीटिंग. इच्छुक पुरवठादार आपले प्रश्न लेखी पाठवतात, ‘ही अट फक्त एकाच कंपनीला जमेल’ असा आक्षेप घेतात आणि बँकेचे उत्तर सर्वांना एकाच वेळी पोर्टलवर दिसते. अट बदलली तर शुद्धिपत्रकही तिथेच निघते. अमुक एकाला आतून आधी कळले, ही तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली.

लाखेच्या सीलपासून टोकनपर्यंत

जुन्या पद्धतीत लाखेचे सील लावलेला लिफाफा टेंडरपेटीत टाकायचा असे. पेटीपर्यंत पोचू न देणे, शेवटच्या दिवशी दारात माणसे उभी करणे, लिफाफा ‘उशिरा आला’ म्हणून परत करणे हे प्रकार सरकारी कंत्राटांच्या जगात कुणालाच नवे नव्हते. देशात राज्य पातळीवर ई-खरेदीची मोठी सुरुवात आंध्र प्रदेशाने २००३ साली केली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेली प्रणाली अनेक राज्यांनी स्वीकारली. महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांच्या तोंडी असलेले ‘महाटेंडर’ याच प्रणालीवर चालते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे जेम, सुरू केले आणि सरकारी खरेदीचे दर ठरवणारे जुने पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद केले. २०२३-२४ या वर्षात जेमवरची खरेदी चार लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. सरकारी बँका जेमवरही खरेदी करतात आणि मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या कामांसाठी स्वतंत्र ई-टेंडर पोर्टलही वापरतात.

जेमवर रकमेनुसार तीन वाटा आहेत. किरकोळ खरेदी थेट करता येते. मधल्या रकमेसाठी किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या वस्तूंची तुलना करून सर्वांत कमी दराची घ्यावी लागते. त्याहून मोठ्या खरेदीला बोली किंवा उलटा लिलाव, म्हणजे रिव्हर्स ऑक्शन, सक्तीचा. या तिन्हींच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते. आपल्या दोन हजार मशीनची खरेदी अर्थातच तिसऱ्या वाटेने जाईल.

बोली उघडण्याचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. पुरवठादाराने आपला दर भरून डिजिटल सही केली की चांगल्या प्रणालीत तो दर त्याच क्षणी कुलूपबंद होतो आणि ज्यांनी तो उघडायचा, त्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांखेरीज वाचता येत नाही. अंतिम वेळ सर्व्हरचे घड्याळ ठरवते. बारा वाजता मुदत संपत असेल, तर बारा वाजून एका सेकंदाला बोली जात नाही, मग मागे ओळख कितीही मोठी असो. उघडण्याच्या दिवशी समितीतले किमान दोन अधिकारी आपापले युएसबी टोकन संगणकाला लावतात आणि पिन टाकतात. एकट्याने काही उघडत नाही. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात जे पात्र ठरतील, त्यांचाच दराचा लिफाफा पुढच्या तारखेला उघडतो. भोसरीतला किंवा कोल्हापुरातला पुरवठादार हे सारे आपल्या ऑफिसात बसून पाहू शकतो.

एल-वनचा मोह

उलट्या लिलावात पुरवठादारांना स्क्रीनवर चालू असलेला सर्वांत कमी दर दिसतो, प्रतिस्पर्ध्याचे नाव दिसत नाही. ठरलेल्या टप्प्याने दर खाली आणायचा. शेवटच्या काही मिनिटांत कुणी दर उतरवला, तर घड्याळ पुढे सरकते, म्हणजे दुसऱ्याला उत्तर देण्याची संधी मिळते. दोन-तीन तासांत दर पाहता पाहता खाली येतो आणि खरेदी विभागाची बचत कागदावर झळकते. सर्वांत कमी दराचा बोलीदार, म्हणजे ‘एल-वन’, ठरतो.

आता ही बचत मशीनच्या आयुष्यभराच्या खर्चावर तपासून पाहू. समजा, ‘अ’ कंपनीचे मशीन ६० हजारांना आहे. पहिले वर्ष वॉरंटीचे, पुढची चार वर्षे देखभालीचे दरसाल ७ हजार आणि दर नव्या नोटेमागे सॉफ्टवेअर बदलाचे ४ हजार. पाच वर्षांत दोन नव्या नोटा आल्या, तर एकूण खर्च ९६ हजार. ‘ब’ कंपनीचे मशीन ७० हजारांना, देखभाल दरसाल ४ हजार, सॉफ्टवेअर बदल मोफत. एकूण ८६ हजार. नुसत्या मशीनच्या दरावर ‘अ’ जिंकते. दोन हजार मशीनच्या हिशेबाने बँक दोन कोटी रुपये जास्त मोजते, आणि फाइलवर मात्र नियमाला धरून सर्वांत स्वस्त मशीन घेतल्याची नोंद राहते. पोर्टल या चुकीला अडवत नाही, कारण दराच्या तक्त्यात कोणते रकाने असावेत हे माणसाने ठरवलेले असते. पाच वर्षांच्या एकूण खर्चाचा रकाना आधीच ठेवला, तर तेच पोर्टल ‘ब’ला एल-वन ठरवील.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांत काही प्रकारच्या कामांसाठी दर्जालाही गुण देण्याची मुभा दिली, पण दर्जाचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असेही सांगितले. सॉफ्टवेअर किंवा सल्ला सेवा घेताना बँका तांत्रिक गुण आणि दर यांची सांगड घालतातच. अडचण येते ती सुरक्षा रक्षक, सफाई अशा सेवांत. तिथे खर्चाचा मोठा भाग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा यांनीच ठरलेला असतो. मग एजन्सीच्या नाममात्र सेवाशुल्कावर स्पर्धा होते, अनेकांचे दर तंतोतंत सारखे येतात आणि ज्याने आपले शुल्क जवळजवळ शून्यावर आणले, तो पैसे कुठून काढणार, हा प्रश्न उरतो. बरेचदा त्याची किंमत रक्षकाच्या पगारातून वसूल होते.

रिंग ऑनलाइनही होते

टेंडरच्या धंद्यात ‘रिंग’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा. पुरवठादारांनी आपसात ठरवायचे: हे काम तुझे, पुढचे माझे, तू जास्त दर भर, मी थोडा कमी भरतो. ई-खरेदीमुळे पुरवठादार एकमेकांसमोर येत नाहीत, पण एकमेकांना फोन करण्यापासून त्यांना कोण रोखणार? बँकांच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण स्टेट बँकेच्या बोर्डांचे. निवडक महानगरांतल्या शाखा, कार्यालये आणि एटीएमवर बोर्ड पुरवून बसवण्याच्या २०१८ च्या टेंडरमध्ये बोलीदारांनी संगनमत केले, बाजार भौगोलिक भागांत वाटून घेतला, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला आणि सात संस्थांना दंड केला. पुराव्यात महत्त्वाचे ठरले ते त्यांनी एकमेकांना पाठवलेले ई-मेल. ज्याने स्वतःहून माहिती देऊन तपासाला मदत केली, त्याच्या दंडात ९० टक्के सूट मिळाली.

या प्रकरणातून खरेदी अधिकाऱ्याने एक गोष्ट घ्यावी. रिंग पकडण्याचे साहित्य आता त्याच्याच सिस्टीममध्ये पडलेले असते. दोन ‘स्पर्धक’ बोली एकाच संगणकावरून आल्या का, कुणाचे दर दर वेळी ठरावीक फरकानेच जास्त असतात का, हरणारा दर वेळी तोच असून पुढे जिंकणाऱ्याचा उपकंत्राटदार होतो का, हे तपासता येते. कागदी लिफाफ्यांच्या ढिगातून असा माग काढणे जवळपास अशक्य होते. आता तो निघू शकतो, फक्त कुणीतरी काढायला बसले पाहिजे.

प्रणालीतच हात घातला जाण्याचा धोकाही आहे. मध्य प्रदेशात २०१८ साली ई-टेंडरमधले दर उघडण्याआधी बदलले गेल्याचा संशय पुढे आला आणि २०१९ मध्ये तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. म्हणून पोर्टल चालवणारा, खरेदी करणारा आणि लॉग तपासणारा हे तिघे वेगवेगळे असावेत. लॉग रोज तयार होतात, पण ते वाचणारा माणूस नेमलेला नसेल तर त्यांचा उपयोग घटना घडून गेल्यावर पंचनाम्यापुरताच.

ऑर्डर निघाली, आता पुढे?

बऱ्याच बँकांत ई-खरेदी म्हणजे ई-टेंडर, एवढाच अर्थ घेतला जातो. ऑर्डर निघाली की सिस्टीमचे काम संपले. पुरवठा साखळीचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. दोन हजार मशीन गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत पोचायची, बसवायची, चालवून पाहायची. शाखेने माल मिळाल्याची नोंद सिस्टीममध्ये केली की ऑर्डर, पावती आणि बिल या तीन कागदांचा मेळ आपोआप घालता येतो. ऑर्डर दहा मशीनची, पावती नऊची आणि बिल दहाचे असेल, तर बिल तिथेच थांबते. मशीन बिघडल्याची तक्रार नोंदली गेली आणि तंत्रज्ञ ठरलेल्या वेळेत आला नाही, तर दंडाची रक्कम पुढच्या बिलातून वजा होते. शाखा व्यवस्थापकाने तक्रार सिस्टीममध्ये न घालता ओळखीच्या इंजिनिअरला फोन केला, की हा सगळा हिशेब फसतो. पुढच्या टेंडरच्या वेळी त्याच पुरवठादाराची कामगिरी स्वच्छ दिसते, कारण तिच्याविरुद्ध नोंदच नसते.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला लघुउद्योजक असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सरकारी खरेदीत २५ टक्के वाटा देण्याचे धोरण आहे. त्यात महिला उद्योजकांसाठी ३ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के. बँकांच्या टेंडरांतही अशा उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते. त्यांचा दर एल-वनपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर एल-वनच्या दराला उतरून कामाचा काही भाग घेण्याची संधीही त्यांना असते. म्हणजे एल-वन १०० रुपयांवर आणि लघुउद्योजक ११२ वर असेल, तर १०० ला तयार होऊन त्याला पुरवठा करता येतो.

त्याची खरी विवंचना पैसे केव्हा हातात येणार ही असते. २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. आयकर कायद्यातल्या नव्या तरतुदीनुसार, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजाही करता येत नाही. याच प्रश्नावर तोड म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ट्रेड्स या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पुरवठादार बिल पोर्टलवर चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो आणि बँका व वित्तसंस्था त्यावर बोली लावून लगेच पैसे देतात. सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने मिळून उभारलेले आरएक्सआयएल हे मुंबईतले व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी करणे भाग पडले. इतरांची बिले वटवून व्याज कमावणाऱ्या बँकेने स्वतःच्या पुरवठादाराचे बिल रखडवावे, हे शोभणारे नाही.

जेव्हा विकत घेतलेली वस्तू दिसत नाही

बँकेच्या खरेदीतला वाढता हिस्सा आता डोळ्यांना दिसत नाही: क्लाउड, सॉफ्टवेअर, पेमेंटच्या जोडण्या, कॉल सेंटर. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते वेगळे केले. तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. सहकारी आणि ग्रामीण बँका त्यांत होत्या. त्या बँकांच्या स्वतःच्या संगणकांत काही बिघडलेले नव्हते. बिघाड होता त्यांच्या पुरवठादाराकडे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये दिलेले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेले आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश नेमके याच जागेवर बोट ठेवतात. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच. पुरवठादाराची, आणि त्याने पुढे ज्यांना काम दिले त्यांचीही, तपासणी करण्याचा हक्क करारात हवा. करार मोडायची वेळ आली तर बाहेर कसे पडायचे, आपला डेटा कसा परत मिळवायचा, याची योजना आधीच तयार हवी. यातली एकही अट उलट्या लिलावाच्या घड्याळावर ठरत नाही. ती टेंडरच्या मसुद्यात आधी लिहावी लागते.

इथे नागरी सहकारी बँकांची अडचण मोठी आहे, आणि देशात अशा बँका सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. दहा-बारा शाखांच्या बँकेकडे स्वतंत्र खरेदी विभाग नसतो, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीशी घासाघीस करण्याइतके वजनही नसते. एकत्र येऊन खरेदी करणे हा त्यावरचा मार्ग. नागरी बँकांची शिखर संस्था म्हणून २ मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या नॅशनल अर्बन को-ऑपरेटिव्ह फायनान्स अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडून सामायिक तंत्रज्ञानाची अपेक्षा आहे ती म्हणूनच. शंभर बँकांनी मिळून एक टेंडर काढले, तर दर तर उतरेलच. शिवाय सायबर सुरक्षेच्या कडक अटी घालायचे धाडसही त्यांना होईल. मात्र सगळ्यांचा पुरवठादार एकच झाला, तर तो कोसळल्यावर सगळ्याच बँका एकदम अडतील. सी-एज प्रकरणाने तेही दाखवून दिले आहे.

ई-खरेदीने बँकांच्या व्यवहारातली दडवादडवी बरीच कमी केली. लिफाफा कुणी दाबला, मुदत कुणासाठी वाढवली, दर आधी कुणाला कळला, या प्रश्नांना आता सर्व्हर उत्तर देतो. काय हवे आहे हे नेमकेपणाने लिहिणे आणि जे घेतले ते करारानुसार मिळते का हे पाहणे ही दोन कामे मात्र माणसांकडेच राहिली, आणि बँकेचे पैसे जास्त करून तिथेच वाचतात किंवा बुडतात. बँकेच्या संचालक मंडळासमोर दर तिमाहीला ‘ई-खरेदीतून झालेली बचत’ असा तक्ता येतो. त्याला आणखी तीन रकाने जोडायला हवेत: मागच्या वर्षी एल-वन ठरलेल्या वस्तूवर यंदा देखभालीला किती खर्च झाला, सेवेतल्या ढिलाईबद्दल प्रत्यक्ष किती दंड वसूल झाला आणि लघुउद्योजकांची बिले सरासरी किती दिवसांत चुकती झाली. या तीन आकड्यांना लागणारी माहिती सिस्टीममध्ये आधीपासून आहे. ती मागवण्यासाठी नव्या सॉफ्टवेअरचे टेंडर काढायची गरज नाही.